आरशाचा कॅमेरा : त्याचे गुण आणि त्याचे अवगुण



या व्याख्यानमालेत गेले आठ दिवस जे विषय झाले, त्यांची यादी पाहिली म्हणजे आजच्या विषयाबद्दल आम्हांला थोडा संकोच वाटतो. कोणी उपनिषदांवर बोलले, कोणी शेतमालाच्या भावांवर. काल तर एका विदुषींनी संतवाङ्मयातील स्त्रियांवर बोलताना दोन तास सभेला जागचे हलू दिले नाही. आणि आज आम्ही तुमच्यापुढे एक काळी पेटी घेऊन उभे आहोत. चिटणिसांना आम्ही तसे म्हणूनही पाहिले. ते म्हणाले, "उपनिषदे गावात किती घरांत असतील ते सांगता येणार नाही, पण कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तुम्ही बोलाच." तेव्हा बोलणे आले.

विषय आमच्या डोक्यात शिरला तो मात्र खिशातल्या कॅमेऱ्यामुळे नव्हे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या फोटोच्या दुकानात एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा बारावी झालेला; लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा करावा असे त्याच्या मनात. वडील म्हणाले, "अण्णा, पोरगं म्हणतंय डीएसएलआर घ्यायचा. म्हशी दोन हायत, त्यातली एक इकावी लागंल. इकू का नको, तेवढं सांगा." भिंगशास्त्राच्या आधारे म्हैस विकावी की नाही हे ठरविण्याची पाळी आमच्यावर प्रथमच आली होती. आम्ही दहा मिनिटांत काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना पुरतेसे पटले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही पटले नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे सावकाशीने दिलेले उत्तर आहे असे समजावे.

या यंत्राचे पूर्ण नाव 'डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स'. नाव लांबलचक असले तरी प्रामाणिक आहे. यंत्रात जे आहे तेच नावात आहे. त्यातले 'सिंगल लेन्स' प्रथम घेऊ, कारण ते लवकर आटोपते. तुमच्यापैकी पन्नाशी उलटलेल्यांना जुन्या स्टुडिओतला दोन डोळ्यांचा कॅमेरा आठवत असेल, रोलिफ्लेक्स किंवा याशिका. एकावर एक दोन भिंगे. खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उमटे आणि वरच्या भिंगातून फोटोग्राफर मान खाली घालून पाहत असे. म्हणजे पाहणारा डोळा एक आणि टिपणारा डोळा दुसरा. दूरच्या देखाव्यात या दोहोंच्या पाहण्यात फरक पडत नसे. पण माणूस हातभर अंतरावर आला, की वरच्या डोळ्याला दिसणारे कपाळ खालच्या डोळ्याला दिसेनासे होई. आमच्या वडिलांनी काढलेल्या काही बाळांच्या फोटोंत टोपडे निम्मे कापलेले आहे. बाळाचे आईबाप रागावत आणि वडील भिंगाला दोष देत. आणि या एका बाबतीत वडिलांचे म्हणणे खरे होते. एकाच भिंगातून पाहायचे आणि त्याच भिंगातून टिपायचे अशी सोय झाली, म्हणजे हा तंटा मिटतो. शिवाय ते भिंग काढून दुसरे लावले, दूरचे जवळ आणणारे किंवा मुंगी हत्तीएवढी दाखविणारे, तरी जे दिसेल तेच उमटेल ही हमी राहते. 'सिंगल लेन्स'चा अर्थ एवढाच.

आता हे घडवायचे कसे? भिंगातून येणारा प्रकाश एकच. तो डोळ्याकडेही गेला पाहिजे आणि फिल्मकडेही. येथे 'रिफ्लेक्स' म्हणजे आरसा येतो. भिंगाच्या मागे पंचेचाळीस अंशांत तिरपा आरसा बसवायचा. भिंगातून आलेले चित्र आरशावर आपटून वर एका खरखरीत काचेवर पडते. तेथून पाच बाजूंच्या लोलकातून फिरून, उलटेसुलटे होते ते सरळ होऊन डोळ्यापाशी येते. बोटाने कळ दाबली की आरसा टाळी वाजवावी तसा वर उडतो, त्याच्या मागचा शटरचा पडदा उघडतो, प्रकाश फिल्मवर किंवा आजच्या भाषेत सेन्सरवर पडतो, पडदा मिटतो आणि आरसा खाली येतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत.

ही युक्ती काही आजकालची नव्हे. योहान त्सान नावाच्या जर्मन धर्मगुरूने १६८५ मध्ये तिरपा आरसा बसविलेल्या पेटीचे चित्र आपल्या ग्रंथात दिले आहे. तेव्हा चित्र टिपून ठेवणारे रसायनच नव्हते, चित्रकाराने वरच्या काचेवर कागद ठेवून गिरवावे एवढाच तिचा उपयोग. इंग्लंडात टॉमस सटन याने १८६१ मध्ये आरशाच्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. ड्रेस्डेन शहरात तयार झालेला किने-एक्झाक्टा १९३६ मध्ये बाजारात आला, आणि पस्तीस मिलिमीटरच्या चिंचोळ्या फिल्मवर आरशाचा कॅमेरा चालू शकतो हे लोकांना पटले. त्याच शहरातल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्यात १९४९ मध्ये लोलक आला, म्हणून मान खाली घालून पोटाशी पाहण्याचे कारण उरले नाही. पण एक पीडा शिल्लक होती. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फोटो काढला की आरसा वरच अडकून राही आणि पुढच्या चित्रासाठी फिल्म सरकवीपर्यंत आत काळोख. जपानच्या असाही कंपनीने १९५४ मध्ये आपोआप खाली येणारा आरसा आपल्या कॅमेऱ्यात बसविला, आणि १९५९ मध्ये निकॉन एफ आला, त्यात हे सारे एकत्र आणि भक्कम होते. पुढची पन्नास वर्षे जगातले वार्ताहर, शिकारी सोडून जंगलात जाणारे आणि लग्नाच्या मांडवातले फोटोग्राफर या आरशातूनच जग पाहत होते.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की या कॅमेऱ्याचे गुण आणि अवगुण तुम्ही वेगवेगळे शोधायला गेलात तर फसाल. बहुतेक सारे गुण आरशातून आले आहेत आणि बहुतेक सारे अवगुणही त्याच आरशातून.

पहिला आणि सर्वांत मोठा गुण. आरशाच्या कॅमेऱ्यातून तुम्ही प्रत्यक्ष पाहता. मध्ये काच आहे, आरसा आहे, लोलक आहे; पण जे डोळ्याला येते तो खराखुरा प्रकाश आहे, त्याचे विजेने बनविलेले चित्र नव्हे. मोबाइलच्या पडद्यावर किंवा नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात जे दिसते ते आधी टिपले जाते, मग यंत्रात तयार होते, मग पडद्यावर येते; म्हणजे ते किंचित का होईना, शिळे असते. आरशातले चित्र ताजे असते. धावत्या बैलगाडीच्या शर्यतीत किंवा आकाशात झेपावणाऱ्या घारीच्या मागे फिरताना हा फरक पूर्वी फार मोठा होता. अलीकडच्या वर्षांत तो कमी होत होत नाममात्र झाला आहे हेही आम्ही मान्य करतो. पण दुसरा फरक अजून आहे. आरशाला वीज लागत नाही. कॅमेरा डोळ्याला लावून तासभर उभे राहा, बॅटरीला तोशीस नाही. निकॉनने २०१७ साली आणलेला आरशाचा डी८५० घ्या. ठरीव मापाच्या चाचणीत एका भरलेल्या बॅटरीवर त्याचे १८४० फोटो निघतात. त्याच कंपनीच्या २०१८ च्या बिनआरशाच्या झेड ७ चा त्याच मापाने आकडा ३३०. प्रत्यक्ष कामात दोन्ही आकडे बरेच वाढतात, आणि नंतरच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी आपली भूक आवरती घेतली आहे. तथापि पालखीबरोबर पायी चालणाऱ्या, मुक्कामाला वीज मिळेल की नाही याची शाश्वती नसलेल्या माणसाला हा फरक पायातल्या फोडासारखा जाणवतो.

आता याच आरशाचे उणे. कळ दाबली की आरसा वर उडतो असे आम्ही म्हटले. आरसा वर गेला म्हणजे डोळ्याकडे येणारी वाट बंद. क्षणभर आत मिट्ट काळोख होतो. हा क्षण लहान, साध्या कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. पण तो कोणता क्षण आहे पाहा. मंगलाष्टके संपत आली आहेत, भटजींचा आवाज चढला आहे, मुठीमुठीने अक्षता उडत आहेत, आणि अंतरपाट दूर होतो. वधू मान वर करून पाहते. मांडवातली पाचशे माणसे तो क्षण पाहतात. फोटोग्राफर मात्र पाहत नाही. त्याने नेमक्या त्या क्षणी कळ दाबली, म्हणून नेमका त्याच क्षणी त्याचा आरसा वर गेला. जो क्षण त्याने टिपला तो त्याने पाहिलेला नसतो, आणि जो त्याने डोळ्यांनी पाहिला तो त्याच्या हातून निसटलेला असतो. अनेक वर्षे लग्ने टिपून आम्ही या गोष्टीला सरावलो आहोत, तरी घरच्या पुतणीच्या लग्नात मात्र कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दिला, तो याच कारणाने.

आरशाचा दुसरा अवगुण कानाला कळतो. वर उडणारा आरसा आवाज करतो, आणि तो काही नाजूक आवाज नव्हे. काही वर्षांपूर्वी एका गावी पहाटेच्या गाण्याच्या बैठकीला आम्ही फोटो काढण्यासाठी पुढेच बसलो होतो. गवई विलंबित आलापीत, सभागृह स्तब्ध, आणि आमचा आपला 'खटक, खटक' चाललेला. मध्यंतरात बुवांनी आम्हांला जवळ बोलावले. आम्हांला वाटले फोटो पाहायचे असतील. ते म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे, पण तुमची लय आमच्या तबलजीशी जुळत नाही." त्यानंतर आम्ही सभागृहाच्या मागच्या भिंतीशी बसलो. काही कॅमेऱ्यांत आरसा हळू उचलण्याची सोय असते. तीत खटक्याचा खुटका होतो, इतकेच. बिनआरशाचा कॅमेरा पूर्णपणे मुका राहू शकतो. पण त्याच्याही वाट्याला एक खोड आहे: असा मुका फोटो मांडवातल्या एलईडी दिव्यांच्या उजेडात काढला तर चित्रावर कधीकधी काळे आडवे पट्टे येतात. कोणत्याही यंत्राने सगळे फुकट दिलेले आम्ही पाहिलेले नाही.

आवाजाबरोबर धक्काही आला. हातात धरून भर उन्हात काढलेल्या फोटोत तो कळत नाही, पण तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून सेकंदाचा आठवा, पंधरावा भाग पडदा उघडा ठेवलात तर चंद्राच्या कडा हललेल्या दिसतात. त्यावर उपाय म्हणजे आरसा आधी वर उचलून ठेवणे, जरा थांबणे आणि मग पडदा उघडणे. म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्याने उत्तम फोटो काढायचा तर आरसा आधी वाटेतून दूर करायचा!

तिसरी गोष्ट जागेची. आरसा हलायला जागा हवी, म्हणून भिंग सेन्सरपासून दूर ठेवावे लागते. कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर ४४ मिलिमीटर, निकॉनच्या ४६.५. आरसा काढून टाकल्यावर कॅननने ते २० वर आणले आणि निकॉनने १६ वर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांवर पैशाचा हिशेब करायचा आहे. एवढ्या अंतरामुळे यंत्राची पेटी जाड होते आणि रुंद दृश्य टिपणारी भिंगे गुंतागुंतीची व लांबट करावी लागतात. डी८५० चे वजन बॅटरीसकट एक किलो पाच ग्रॅम. झेड ७ पाऊण किलोहूनही कमी. त्यावर भिंगाचे वजन वेगळे. हळदीपासून वरातीपर्यंत चौदा तास गळ्यात हा ऐवज घेऊन वावरणाऱ्या आमच्या धंदेबंधूंच्या मानेविषयी अधिक काय सांगावे? डॉक्टरमंडळी समोर बसली आहेत, त्यांना ठाऊक आहे.

फोकसचाही प्रश्न आहे आणि तो फारसा कोणी समजावून सांगत नाही. मोठ्या आरशाच्या मागे एक छोटा आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली पेटीच्या तळाशी असलेल्या एका वेगळ्या यंत्राकडे पाठवितो. ते यंत्र अंतर मोजते आणि भिंगाला फिरविते. मापन तळाशी, चित्र मात्र मागे सेन्सरवर. दोन्हीकडचे अंतर केसाइतके जरी वेगळे झाले तरी फोकस चुकतो, आणि दरवेळी सारखाच चुकतो. आमचा एक कॅमेरा एकदा टेबलावरून पडला. वरून ओरखडाही नाही. पुढच्या लग्नात नवरीच्या कानातले झुबे मोत्यासारखे लख्ख आणि डोळे धूसर, असे शे-दीडशे फोटो निघाले. दोष कोणाचा म्हणावा? टेबल आमचे, हात आमचा. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात ज्या सेन्सरवर चित्र उमटते तोच फोकस पाहतो, म्हणून असा घोटाळा सहसा होत नाही; शिवाय तो गर्दीतून माणसाचा डोळा हुडकून काढतो. हे आम्ही प्रथम पाहिले तेव्हा आम्हांला आमच्या अनेक वर्षांच्या तालमीचे वाईट वाटले.

इतका वेळ आरशाची उणीदुणी काढली. आता एक गोष्ट अशी, जी गुण आहे की अवगुण हे आमचे आम्हांलाच अजून ठरविता आलेले नाही. आरशात जग दिसते, पण जे उमटणार आहे ते दिसत नाही. दिवे घाटात ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी चढत असते. पांढरी धोतरे, पांढऱ्या टोप्या, वर आषाढाचे ढग. आरशातून ते दृश्य पाहून मन भरून येते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा मात्र असे धरून चालतो, की जगातले प्रत्येक दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. पुढे सगळे पांढरेच आले की तो बिचकतो आणि कमी प्रकाश घेतो. फोटोत वारकऱ्यांची धोतरे न धुतल्यासारखी दिसतात. अनुभवी माणूस आधीच एक टप्पा प्रकाश वाढवून ठेवतो. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात जे उमटणार तेच आधी दिसते. तेथे नवखासुद्धा चूक पाहून सुधारतो. मग आरशाचा कॅमेरा वाईटच म्हणायचा का? शिकाऊ मुलाच्या दृष्टीने आम्हांला तसे वाटत नाही. समोरचा उजेड पाहून कागदावर काय उतरेल याचा अंदाज मनाशी बांधणे, तो चुकणे, पुन्हा बांधणे, ही जी शिकवण आहे ती आरसा देतो. पण मुहूर्ताला शिकवणी चालत नाही, हेही तितकेच खरे.

आता शेवटचा शब्द, 'डिजिटल'. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये फिल्मवाचून फोटो काढणारा पहिला कॅमेरा जुळविला. एक फोटो कॅसेटवर नोंदायला तेवीस सेकंद लागत. १९९१ मध्ये त्याच कंपनीने निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्याला सेन्सर जोडून तो विकायला काढला. तेरा लाख बिंदूंचे चित्र, साठवणीची पेटी खांद्याला वेगळी अडकवायची, आणि किंमत वीस हजार डॉलरांच्या घरात. २००३ मध्ये कॅननचा ३००डी हजार डॉलरांच्या आत आला, आणि मग आमच्यासारख्या तालुक्याच्या दुकानदारांनी कर्जाचे अर्ज भरायला घेतले. ज्या कोडॅकच्या घरात हे बाळ जन्मले तिने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. असो.

सेन्सर म्हणजे काय, हे सांगताना आम्ही मुलांना पावसाळ्यातल्या अंगणाचे उदाहरण देतो. अंगणात लक्षावधी वाट्या मांडून ठेवल्या आहेत. प्रकाशाचा पाऊस पडतो. कोणत्या वाटीत किती पाणी साचले ते मोजायचे, की झाले चित्र. वाट्यांना रंग कळत नाही, म्हणून प्रत्येकीवर लाल, हिरवे किंवा निळे झाकण असते, आणि हिरवी झाकणे इतरांच्या दुप्पट, कारण माणसाचा डोळा हिरव्याला जास्त चोखंदळ आहे. मोठी वाटी जास्त पाणी धरते. मोठ्या डीएसएलआरचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, मध्यमाचा साधारण २४ बाय १६. साध्या मोबाइलचा सेन्सर हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो. समईच्या उजेडात आजीचा सुरकुतलेला चेहरा टिपायचा तर हा फरक दिसतो. मोबाइल गणित करून बरीच भर घालतो, पण गणिताने घातलेले पाणी आणि पावसाने भरलेले पाणी यांची चव वेगळी. आणि एक सावधगिरी: वाटी काठोकाठ भरली की पुढचे पाणी वाहून जाते, त्याची नोंद राहत नाही. जुनी निगेटिव्ह जास्त उजेड बराच सोसून घेई. येथे पांढरे एकदा 'फुटले' की त्यातून शालूची जर परत काढता येत नाही.

भिंग बदलता येते हा या कॅमेऱ्याचा मोठा गुण. पण भिंग काढले की पेटीचे तोंड उघडे पडते. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावर आम्ही एकदा तो मूर्खपणा केला. भंडाऱ्याची उधळण चालली होती, सगळे आसमंत पिवळे, आणि आम्ही एका कोपऱ्यात पाठ वळवून भिंग बदलले. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत आकाशाला खंडोबाचा प्रसाद लागलेला आहे. सेन्सर साफ करून घेतला, तरी आरशाच्या खोबणीतून पुढे कितीतरी दिवस पिवळी कणी निघत होती. आमच्या हवेत दुसरा शत्रू बुरशी. कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात भिंग चामड्याच्या पेटीत बंद करून कपाटात ठेवले तर दिवाळीला त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी मिळते. हवाबंद डबा, त्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या, आणि त्या पुड्या वेळोवेळी तापवून कोरड्या करणे, एवढे केले तरी पुरते.

पण 'डिजिटल' या शब्दाचा खरा धोका भंडाऱ्यात नाही आणि बुरशीतही नाही. तो आम्ही कसा शिकलो ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला, सांगली पाण्यात गेली. पूर ओसरल्यावर आमच्या गावची, सांगलीला दिलेली एक लेक दुकानात आली. हातात लग्नाचा अल्बम. पाने एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. तिचे लग्न २००९ सालचे, फोटो आमचेच, आमच्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले. तिचे वडील मध्यंतरी वारले होते, आणि कन्यादान करतानाचा त्यांचा फोटो तिला पुन्हा छापून हवा होता. तिने अगदी निश्चिंतपणे मागितला, दुकानदाराकडे असणारच. आमच्याकडे तो नव्हता. त्या वर्षांचे सगळे काम एका हार्ड डिस्कवर होते, आणि ती डिस्क २०१२ मध्ये एका सकाळी टकटक आवाज करून बंद पडली. दुसरी प्रत आम्ही केलेली नव्हती. पैसे वाचविले होते.

ती काही बोलली नाही. तेव्हा आम्ही माळ्यावरची वडिलांची पत्र्याची ट्रंक काढली. तिच्या आईचे लग्न १९७४ चे, याच गावातले, फोटो आमच्या वडिलांनी दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याने काढलेले. बारा निगेटिव्ह बटरपेपरमध्ये गुंडाळून, वर पेन्सिलीने तारीख. त्यांतल्या एकीवर मुंडावळ्या बांधलेला, मिशी नुकती फुटलेला तिचा बाप होता. आम्ही मोठा फोटो करून दिला. तिने तो घेतला, पण तिने मागितला होता तो हा नव्हे, हे आम्हांलाही ठाऊक होते आणि तिलाही. वडिलांनी लग्नाला बारा फोटो काढले आणि बाराच्या बारा राहिले. आम्ही दोन हजार काढतो. एकेक पंचवीस मेगाबाइटचा धरला तर एका लग्नाचे पन्नास गिगाबाइट होतात, आणि ते सांभाळण्याचा खर्च कोणी बिलात लावीत नाही. त्या दिवसापासून आमच्या दुकानात प्रत्येक कामाच्या दोन डिस्क होतात, एक दुकानात आणि एक घरी, आणि निवडक पन्नास फोटो कागदावर छापून गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधले जातात, तो नको म्हणाला तरी.

आता म्हशीकडे वळू. बाजाराची स्थिती अशी आहे. बिनआरशाचा, भिंग बदलता येणारा कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला. सोनीने २०१३ मध्ये त्यात पूर्ण आकाराचा सेन्सर घातला. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन यांनीही तोच रस्ता धरला. या दोघांनी आरशाचे आपले शेवटचे नवे मोठे कॅमेरे २०२० मध्ये काढले. त्याच वर्षी जगभर कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या कॅमेऱ्यांत बिनआरशाच्यांची संख्या आरशाच्यांपेक्षा जास्त झाली. पेंटॅक्सने मात्र २०२१ मध्येही आरशाचा नवा कॅमेरा काढला. त्या हट्टाचे आम्हांला कौतुक आहे. तेव्हा आज नवा कोरा डीएसएलआर पूर्ण किमतीला घेणे म्हणजे रूळ उखडायला घेतलेल्या स्टेशनचा पास काढणे होय.

पण याचीच दुसरी बाजू गरिबाच्या सोयीची आहे. सधन मंडळी नव्याकडे वळल्याने त्यांचे जुने, उत्तम स्थितीतले आरशाचे कॅमेरे निम्म्याहून कमी किमतीत विकायला निघाले आहेत. ते घेताना बाहेरची चकाकी पाहू नये, शटर किती वेळा उघडले तो आकडा पाहावा. साध्या कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाख वेळा उघडझाप करील अशा बेताचे असते, वरच्या दर्जाच्याचे दीड-दोन लाख. लग्नाला दोन हजार आणि हंगामात चाळीस लग्ने धरली तर ऐंशी हजार होतात. म्हणजे धंदेवाल्याने दोन हंगाम वापरलेला स्वस्तातला कॅमेरा हा दात मोजून न घेतलेला बैल आहे. पैसा भिंगात घालावा. आणि येथे मघाचे आकडे उपयोगी पडतात. आरशाच्या कॅमेऱ्याचे भिंग ४४ मिलिमीटरवरून चित्र पाडते, नव्याचे २०. मधली जागा एका पोकळ कड्याने भरून काढली, की जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसते. कंपन्याच ती कडी विकतात. नवे भिंग जुन्यावर मात्र चालत नाही, कारण आरसा वाटेत आहे. म्हणून डीएसएलआरच्या चांगल्या भिंगात घातलेला पैसा उद्या कॅमेरा बदलला तरी बुडत नाही; पेटीत घातलेला बुडतो.

त्या पितापुत्रांना आम्ही दुसऱ्या खेपेला हेच सांगितले. म्हैस राहू द्या. पहिला हंगाम मुलाने दुसऱ्याच्या हाताखाली दिवे धरावेत आणि वायरी गुंडाळाव्यात. मग एक वापरलेली पेटी, तिच्याबरोबर येणारे साधे भिंग, आणि एक पन्नास मिलिमीटरचे स्वस्तातले उघड्या तोंडाचे भिंग घ्यावे. मध्यम सेन्सरवर ते पंचाहत्तरचे काम करते आणि चेहऱ्याला बरे असते, मात्र दहा बाय दहाच्या खोलीत सगळे व्याही-विहिणी त्यात मावणार नाहीत. मोठ्या कामाला दुसरा कॅमेरा भाड्याने आणावा. आणि कॅमेऱ्याच्याही आधी दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. वडिलांनी शेवटचे वाक्य दोनदा म्हणवून घेतले. मुलाने धंद्यातून निवृत्त होणाऱ्या एका गृहस्थांचा कॅमेरा घेतला आहे, सत्तावीस हजार उघडझापांचा. तो मुलगा आज मागे तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि या सभेचे फोटो काढतो आहे. मघापासून जो खटक खटक आवाज येतो तो त्याचाच.

आमचा कॅमेरा येथे टेबलावर भिंग काढून ठेवीत आहोत, म्हणजे आतला आरसा दिसेल. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी रांगेने यावे. आरसा फार नाजूक असतो, त्याला बोट लावू नये, आणि लहान मुलांना उचलून दाखवावे.